वाचकांचे प्रश्न: उपग्रहाला समुद्रातलं प्लास्टिक खरंच दिसतं का?

प्रश्न: सॅटेलाइटवरून समुद्रातलं प्लास्टिक शोधतात असं हल्ली सारखं वाचायला मिळतं. पण एवढ्या वरून बाटली दिसणार कशी? आणि पॅसिफिकमधल्या त्या कचऱ्याच्या बेटाचा सॅटेलाइट फोटो मग कुठेच का सापडत नाही?

उत्तर: बाटली नाहीच दिसत, शंका अगदी रास्त आहे तुमची. या कामात सगळ्यात जास्त वापर होतो तो युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा, तो फिरतो साधारण ७८६ किमी उंचीवर आणि त्याचा सगळ्यात बारीक पिक्सेलसुद्धा १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे एका ठिपक्यात अख्खी होडी मावते.

आता ते बेट. मुळात बेट नाहीच्चे ते, उगाच नाव पडलंय. २०१८ च्या अभ्यासात अंदाज आला १६ लाख चौरस किमीत मिळून ७९ हजार टन प्लास्टिक, ऐकायला प्रचंड वाटतं पण भागाकार करून बघा, चौरस किलोमीटरमागे जेमतेम ५० किलो, आणि एका पिक्सेलच्या वाट्याला ५ ग्रॅम! शिवाय सेंटिनेल-२ भर समुद्राचे फोटो नेहमी काढतच नाही, जमीन, किनाऱ्यालगतचं पाणी आणि भूमध्यासारखे जमिनीने वेढलेले समुद्र एवढंच.

मग दिसतं काय तर पट्टे. वारा आणि प्रवाह तरंगता कचरा ओढून लांबलचक रांगेत आणतात, तिथे पिक्सेलचा बऱ्यापैकी भाग भरतो. पाणी निअर-इन्फ्रारेड प्रकाश (लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) जवळजवळ सगळा गिळतं त्यामुळे त्या बँडमध्ये, म्हणजे फक्त त्या प्रकाशात काढलेल्या फोटोत, समुद्र काळाकुट्ट दिसतो आणि तरंगणारं काहीही त्यावर उजळ उठून दिसतं. गोची इथेच आहे, 'काहीही' म्हणजे शेवाळ, ओंडके, फेस सगळंच. शेवाळातलं क्लोरोफिल वेगळ्या बँडमध्ये चुगली करतं म्हणून ते बाजूला काढता येतं, पण फेस फार छळतो. म्हणूनच ग्रीसमध्ये लेसबॉस बेटाजवळ संशोधकांनी बाटल्या, पिशव्या, जाळी यांचे १० बाय १० मीटरचे तराफे मुद्दाम पाण्यात सोडले आणि वरून ते कसे दिसतात ते तपासलं. हे मला सगळ्यात पटलेलं काम, कारण पिक्सेलखाली नक्की काय आहे हे माहीत असल्याशिवाय बाकीचं सगळं अंदाजपंचे.

प्रश्न: मायक्रोप्लास्टिकचे, म्हणजे प्लास्टिकच्या बारीक कणांचे, जागतिक नकाशे नासाच्या उपग्रहांवरून बनवले होते ना?

उत्तर: हो, २०२१ मध्ये, सिग्नस नावाच्या आठ छोट्या उपग्रहांवरून. पण ते प्लास्टिक बघतच नव्हते, जीपीएसचे सिग्नल पाण्यावरून परततात त्यावरून लाटा किती खडबडीत आहेत ते मोजायचे, आणि जिथे वाऱ्याच्या मानाने पाणी जास्त गुळगुळीत तिथे मायक्रोप्लास्टिक असा तर्क. पुढे हे नकाशे बनवणाऱ्याच गटाने टाकीत प्रयोग केले तर पाणी गुळगुळीत करतात ते बहुतेक साबणासारखे तेलकट पदार्थ, कण नव्हे. म्हणजे प्लास्टिकचा माग लागतो पण आडून, हे पदार्थ कणांबरोबर वाहत आले तरच.

प्रश्न: मग एवढा खटाटोप कशाला?

उत्तर: किती टन आहे ते यातून कळत नाही, कुठे आणि कधी साचतं ते कळतं. भूमध्य समुद्राचे सहा वर्षांचे सुमारे ३ लाख फोटो कॉम्प्युटरने चाळून पट्ट्यांचा नकाशा तयार झालाय, आणि तेही मुळात जमिनीवरची पिकं-जंगलं बघायला सोडलेल्या सेंटिनेल-२ वरून. खास याच कामासाठी सेन्सर बनवा असं हा नकाशा करणाऱ्या संशोधकांचं म्हणणं आहे.