पेन्शन आहेच, मग धंदा करायला काय हरकत?

फौजेतून रिटायर होऊन आलेल्यांच्या घरातून हा प्रश्न, सल्ला मागायला म्हणून, माझ्याकडे दोन तोंडांनी येतो. नवरा म्हणतो, "मॅडम, पेन्शन चालू आहे, हातात पैसा आहे, मग कुणाच्या गेटवर उभं राहण्यापेक्षा स्वतःचा धंदा का करू नये?" बायको म्हणते, "ताई, यांनी सगळं घातलं आणि बुडालं तर?" मी दोघांनाही लगेच उत्तर देत नाही. आधी पेन्शनचा कागद घेऊन यायला सांगते.

भांडुपचं एक जोडपं असंच आलं होतं. ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. साहेब ईएमईमधून हवालदार म्हणून २६ वर्षांनी बाहेर पडलेले, वय ४५, मूळ गाव साताऱ्याकडं. ईएमई म्हणजे फौजेच्या गाड्यांपासून तोफांपर्यंत सगळ्याची दुरुस्ती करणारे लोक. त्यामुळं दुचाकीचं गॅरेज काढायचं, हे ठरलेलंच होतं. एलबीएस मार्गाला लागून मोठा गाळा बघून ठेवला होता आणि सगळं मिळून पंचवीस लाख घालायची तयारी होती. बाई इतकी वर्षं भांडुपलाच, दोन मुलं आणि सासूबाईंना सांभाळून ब्लाउज शिवण्याचं, फॉल-पिकोचं काम करणाऱ्या. गाळ्याचा बयाणा द्यायच्या आदल्या आठवड्यात त्यांनीच नवऱ्याला माझ्याकडं ओढून आणलं.

कागद उघडला. सैनिकाला निवृत्तीच्या वेळी मूळ पेन्शनच्या ५० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून त्याची एकरकमी रक्कम घेता येते. याला कम्युटेशन म्हणतात आणि माझ्याकडं येणारे जवळपास सगळे ते पूर्ण घेतात. विकलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा चालू होतो. महागाई भत्ता पूर्ण पेन्शनवर मिळतो, एवढा दिलासा. पण मूळ पेन्शन तोवर अर्धीच हातात येते. साहेबांच्या बाबतीत म्हणजे साठीपर्यंत.

"हे तेरा-चौदा लाख सरकारनं खूश होऊन दिलेले नाहीत," मी म्हटलं. "ही तुमचीच पुढच्या पंधरा वर्षांची अर्धी पेन्शन आहे. धंद्यात घातली आणि गेली, तर पेन्शन आहेच, असं म्हणता येणार नाही. निम्मी गेलेली असेल."

साहेबांनी कागद स्वतःकडं ओढून परत वाचला. त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण खात्यात ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, फंड आणि हे, सगळं एकदम येऊन पडलं की त्याची एकच रास दिसते. ती वेगवेगळी करायला कुणी बसवत नाही.

मग मी दोघांना वेगवेगळ्या चिठ्ठीवर एक आकडा लिहायला सांगितला: जो बुडाला तरी घरात एकमेकांना टोमणे मारायची वेळ येणार नाही, तो. साहेबांनी बारा लाख लिहिले, बाईंनी तीन. तासभर चांगली वादावादी झाली. त्यात मुलीची इंजिनीअरिंगची फी निघाली, गावच्या घराचं छप्पर निघालं आणि "तुम्ही कधी होतात इथं ठरवायला?" हेही निघालं. ते निघणं गरजेचं होतं. सव्वीस वर्षं घरातला प्रत्येक खर्च या बाईनं एकटीनं ठरवलेला आणि आता सगळ्यात मोठा खर्च मात्र तिला न विचारता ठरत होता. तिची भीती धंद्याची कमी आणि याची जास्त होती. शेवटी आकडा पाच लाखांवर आला. कम्युटेशनची रक्कम धंद्याबाहेर ठेवायची, हेही ठरलं. ती कुठं ठेवायची ते मी सांगितलं नाही, ते माझं काम नव्हे.

पाच लाखांत गॅरेज कसं होणार? कर्ज काढून. इथं साहेब बिथरले. स्वतःचे पंचवीस लाख डोळे झाकून घालणारा माणूस बँकेचे पाच-सहा लाख घ्यायला तयार नव्हता. "कर्ज म्हणजे इज्जतीचा प्रश्न आहे, मॅडम." हे मी अनेक फौजी घरांत पाहिलंय. मला मात्र बँकेचं कर्ज आवडतं, कारण बँक प्रश्न विचारते. रोज किती गाड्या येणार? भाडं किती? पावसाळ्यात काय? स्वतःचा पैसा यातलं काहीच विचारत नाही.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात माजी सैनिक विशेष प्रवर्गात धरले जातात. त्यांनी अर्ज केला तेव्हाच्या नियमांप्रमाणे स्वतःचा वाटा ५ टक्के आणि शहरात अनुदान २५ टक्के होतं. सेवा व्यवसायासाठी प्रकल्पाची मर्यादा २० लाख. त्यांचा प्रकल्प आठ लाखांचा बसला. म्हणजे पदरचे चाळीस हजार, अनुदान दोन लाख, बाकी कर्ज. ठरलेल्या पाच लाखांतले उरलेले पैसे गाळ्याचं डिपॉझिट आणि पहिल्या सहा महिन्यांचं भाडं यासाठी मोकळे राहिले. दोन गोष्टी मात्र लोक हमखास विसरतात. अनुदान हातात मिळत नाही, ते बँकेत तीन वर्षं अडकवून ठेवलेलं असतं आणि धंदा नीट चालू राहिला तर मग कर्जात वळतं केलं जातं. शिवाय योजना नव्या धंद्यासाठीच आहे. आधी शटर उघडून मग अर्ज करणाऱ्याला ती मिळत नाही. त्यांनी बयाणा देऊन काम सुरू केलं असतं, तर ही वाट तिथंच बंद झाली असती.

आता प्रशिक्षणाचं. या योजनेत उद्योजकतेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्याआधी फौजेनंही एक कोर्स दिलेला होता. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय, ज्याला फौजी डीजीआर म्हणतात, ते निवृत्तीच्या तोंडावर असे कोर्स चालवतं. "कोर्स कोणता घेतलात?" विचारलं, तर उत्तर "पुण्याला होता, शनिवार-रविवारी घरी येता यायचं" असं मिळालं. मी हसले. हे उत्तर मला नवीन नव्हतं आणि सव्वीस वर्षं घराबाहेर काढलेल्या माणसाला त्यावरून बोलण्यात अर्थही नाही. वह्या होत्या, प्रमाणपत्र होतं, ताळेबंद कसा मांडायचा ते येत होतं. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. अशा वर्गांतले पाहुणे "तुमच्यात शिस्त आहे, नेतृत्व आहे, तुम्ही यशस्वी होणारच" म्हणून टाळ्या घेतात आणि जातात. शिस्तीनं शटर वेळेवर उघडतं. गिऱ्हाइकाकडून पैसे घेता येत नाहीत.

साहेबांची खरी अडचण तिथंच होती. फौजेत पार्ट लागला की इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, भरायचा, स्टोअरमधून पार्ट यायचा, गाडी उभी राहायची. त्या पार्टची किंमत काय, आपल्या दोन तासांच्या मेहनतीची किंमत काय, हे उभ्या नोकरीत कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, समजा मी गिऱ्हाईक आहे, ब्रेक शू बदलून झालेत, पैसे मागा. ते म्हणाले, "साडेचारशे," आणि मी तोंड उघडायच्या आत, "चारशे द्या... तुम्ही ओळखीच्या आहात, साडेतीनशे द्या." बाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग त्यांना मागायला लावलं. त्या म्हणाल्या, "साडेचारशे झाले," आणि गप्प बसून माझ्याकडं बघत राहिल्या. ब्लाउजचे पैसे बुडवणाऱ्या बायकांशी वर्षानुवर्षं गाठ पडल्यावर येणारं ते गप्प बसणं होतं. उद्योजकता त्या घरात आधीपासून होती, फक्त तिला कुणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं.

कर्ज मंजूर होईपर्यंत साहेबांनी कुर्ल्याला सीएसटी रोडवर ओळखीच्या गॅरेजात हाताखाली काम करावं, असं मी सुचवलं. पगारासाठी नाही. गिऱ्हाईक काय बोललं आणि शेवटी किती घेतले, एवढंच रोज रात्री लिहायचं. आठवडाभरात ते तडकाफडकी घरी निघून आले. खाण्याची पार्सलं पोचवणारा एक पोरगा गाडी लावता लावता म्हणाला होता, "ए भाऊ, पटकन कर, ऑर्डर आहे." हवालदाराला, ज्याच्या हाताखाली पंधरा-वीस जवान होते, त्याला "ए भाऊ." या जागेवर बरेच जण धंदा सोडतात आणि नंतर सांगतात, धंदा चालला नाही. आम्ही त्यावर दोन बैठका घालवल्या. त्या पोराला घाई का असते, गाडी बंद म्हणजे त्याची त्या दिवसाची कमाई बंद, हे बोललो. मुंबईत "ए भाऊ" कुणालाही म्हणतात, हेही. पण राग खोटा आहे, असं मी म्हटलं नाही. हुद्दा गेल्याचं दुःख असतं आणि ते गिऱ्हाइकावर काढायचं नसतं. ते घरी बोलायचं, किंवा जुन्या साथीदारांबरोबर. साहेब परत गेले. त्याच पोरांसाठी सकाळी सातला शटर उघडायचं, हे त्यांना तिथंच सुचलं.

गॅरेज आता दुसरा पावसाळा काढतंय. गाळा लहान आहे, हमरस्त्यापासून आत आहे. मजुरीच्या दरांचा फलक भिंतीवर आहे, त्यामुळं साहेबांना तोंडानं आकडा सांगावा लागत नाही. संध्याकाळी बाई गल्ल्यावर बसतात आणि जुन्या साथीदारांची उधारी त्याच वसूल करतात. हप्ते वेळेवर जातात. बँकेत गार्डची नोकरी धरली असती तर आज यापेक्षा थोडे जास्त मिळाले असते, हे साहेब स्वतः कबूल करतात.

अलीकडं हाच प्रश्न अग्निवीरांच्या, म्हणजे चार वर्षांसाठी फौजेत भरती झालेल्या मुलांच्या, आया विचारू लागल्यात. त्यांना मी वरचं काहीच जसंच्या तसं सांगत नाही. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीला दाखल झाली, तिची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरतात आणि नियमाप्रमाणे २५ टक्क्यांपर्यंतच मुलं पुढं कायम होतात. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी मिळतो. त्यात निम्मा वाटा त्यांच्याच पगारातून कापलेला असतो. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. इथं "पेन्शन आहेच" हे अर्धंही खरं नाही. पंचविशीच्या आसपासच्या पोराकडं वेळ मात्र भरपूर आहे, म्हणून मी आधी एक-दोन वर्षं त्याच धंद्यात दुसऱ्याकडं नोकरी करायला सांगते आणि निधीला हात लावू देत नाही. विक्रोळीच्या एका आईनं विचारलं, "पण त्याच्या मामानं आत्ताच वडापावची गाडी बघून ठेवलीय, त्याचं काय?" मुलगा सुट्टीवर आला की मामाला पण घेऊन या, म्हटलं.