वडिलांचे न धुतलेले रोल सापडलेत? सगळे एकदम लॅबला देऊ नका

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि तेव्हापासून तोच विचार डोक्यात आहे. वडिलांच्या कपाटात याशिका इलेक्ट्रो ३५ हा जुना फिल्म कॅमेरा सापडला, सोबत स्टीलच्या डब्यात सात न धुतलेले, म्हणजे डेव्हलप न केलेले रोल. चार ओर्वो कंपनीचे, तीन कोनिकाचे. तुम्ही विचारलंय की इतक्या वर्षांनी फोटो निघतील का, आणि एका लॅबचं धुणं आणि स्कॅन मिळून पॅकेज स्वस्तात मिळतंय तर सातही रोल कुरिअरने पाठवू का. निघण्याची शक्यता चांगली आहे, खात्री मात्र कुणीच देऊ शकणार नाही. आणि कृपा करून सगळे एकदम पाठवू नका.

रोल उघडून बघू नये, उन्हात ठेवू नये हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही. माझ्याकडून काय झालं तेवढं सांगते.

आमचे अण्णा २०१३ मध्ये गेले. त्यांच्या टेबलाच्या खणात नऊ रोल निघाले, पाच ओर्वो एनपी २२, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट, आणि चार रंगीत. मी ते सगळे एका पिशवीत घालून पुण्यातल्या एका लॅबच्या काउंटरवर नेऊन दिले. तिथल्या मुलाने नऊही रोल एकाच पाकिटात टाकले, वर 'डेव्हलप + स्कॅन' लिहिलं आणि पावती फाडून दिली. कुठलाच प्रश्न विचारला नाही. तोवर दोन दुकानांनी 'रोलचं काम बंद केलं' म्हणून परत पाठवलं होतं, त्यामुळे इथे घेतले याचाच मला आनंद झाला.

बारा दिवसांनी फोन आला. रंगीत चारही रोल निघाले होते, गुलाबी पडलेले, दाणेदार, पण माणसं ओळखू येत होती. ओर्वोचे पाच रोल मात्र पारदर्शक. काचेसारखी स्वच्छ पट्टी, तिच्यातून पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं. "मॅडम, हे कोरेच होते, यात काही काढलेलंच नव्हतं." आणि मी ते खरं मानलं. अण्णांच्या झेनिट कॅमेऱ्याचं शटर बिघडलं असेल, त्यांच्या लक्षात आलं नसेल, अशी स्वतःची समजूत घालून पट्ट्या घरी आणून ठेवल्या.

आठ महिन्यांनी सांगलीत एका जुन्या स्टुडिओत आजीच्या फोटोची कॉपी काढायला गेले होते. बोलता बोलता विषय निघाला आणि पिशवीतली एक पट्टी त्या काकांना दाखवली. त्यांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली. मी फ्रेमच्या जागी बघत होते, ते कडेला बघत होते. म्हणाले, "कडेचे आकडे कुठं गेले?"

३५ मिमी रोलच्या कडेला फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव असतं. ते शाईने छापलेलं नसतं. कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेलं असतं आणि रोल धुतल्यावर दिसतं. म्हणजे कॅमेऱ्यात अजिबात न घातलेला रोल धुतला तरी मधला भाग कोरा राहील, कडेचे आकडे येतील. आकडेसुद्धा गायब असतील तर गडबड धुण्यात झाली. (फार जुन्या रोलवर आकडे पुसट येऊ शकतात, तेवढी सूट धरा. पाचही रोलवर एकही आकडा नाही, असं होत नाही.)

काकांनी मग कारण सांगितलं. रंगीत रोलची जी पद्धत आहे, सी-४१, तिच्यात चित्र शेवटी रंगांचं बनतं आणि चांदी पूर्ण काढून टाकली जाते, ब्लीच आणि फिक्सर त्यासाठीच असतात. ब्लॅक अँड व्हाइट रोलमध्ये चांदी हेच चित्र. असा रोल त्या मशीनमधून काढला की चांदी जाते आणि मागे राहतं नुसतं प्लॅस्टिक. परत आणायचा कुठलाही उपाय नाही.

अण्णांची एक वही आहे. प्रत्येक फोटोची नोंद करायची त्यांना सवय होती. 'रोल ३, फ्रेम १४: आई, मागील दारी, तांदूळ निवडताना, १/६०, ५.६.' पाच रोलच्या अशा एकशे ऐंशी ओळी माझ्याकडे आहेत. फोटो एकही नाही.

मी लॅबकडे परत गेले. काउंटरवाल्याने मुख्य ऑफिसचा नंबर दिला, मुख्य ऑफिसने काउंटरवर विचारायला सांगितलं. तीन आठवडे हे चाललं. शेवटी पावतीच्या मागचा बारीक मजकूर दाखवला: नुकसान झाल्यास जबाबदारी रोलच्या किमतीपुरती. पाच नवीन रोल देऊ म्हणाले. मी घेतले नाहीत. चूक झाली एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तरी मी निघून आले असते.

त्या मुलाला मी आता दोष देत नाही. त्याच्या हातात ब्लॅक अँड व्हाइट रोल बहुधा आलाच नसेल. निकॉनने २००६ मध्ये बहुतेक फिल्म कॅमेरे बंद केले. तुमचे तीन रोल ज्या कोनिकाचे आहेत, त्या कंपनीनेही मिनोल्टाशी एक झाल्यावर त्याच वर्षी या धंद्यातून बाहेर पडायचं जाहीर केलं. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे उटीच्या सरकारी कारखान्यातून येणारी 'इंदू' फिल्मही संपली. लॅबच्या मशीनमधलं केमिकल तर रोज रोल पडले तरच ताजं राहतं. रोल येईनासे झाले की ते हवेने खराब होतं, मग रोल साठवून आठवड्यातून एकदा मशीन लावतात, नाहीतर बंद करतात. हाताने फिल्म ओळखणारे काका घरी बसले आणि मशीन तेवढी राहिली, हे माझं मत. सगळ्या लॅब तशा नाहीत. मुंबई-पुण्यात मन लावून काम करणारी तरुण मुलंही आहेत, आणि पुढे माझे दोन रोल त्यांनीच सुंदर धुऊन दिले.

आता तुमचे रोल. आज रात्रीच ओर्वोच्या डब्यांवरची अक्षरं वाचा. 'एनपी' असेल तर ब्लॅक अँड व्हाइट. 'एनसी' असेल तर रंगीत, पण त्याची पद्धत जुनी आणि वेगळी, सी-४१ नव्हे. तो ३८ अंशांच्या मशीनमध्ये घालू देऊ नका, ब्लॅक अँड व्हाइट म्हणूनच धुऊन घ्या. 'यूटी' म्हणजे स्लाइड, तिलाही हेच लागू. कोनिकाच्या डब्यावर सी-४१ लिहिलेलं असेल तर ते नेहमीच्या लॅबला चालतील. ब्लॅक अँड व्हाइटमध्येही सी-४१ वाले काही रोल निघाले होते, म्हणून रंगावरून ठरवू नका, डब्यावरचं वाचा.

लॅबला पहिला प्रश्न हा विचारा: ब्लॅक अँड व्हाइट तुम्ही स्वतः हाताने, टाकीत धुता का? उत्तर द्यायला वेळ लागला तर दुसरी लॅब बघा. आधी एकच रोल द्या, ज्याच्याबद्दल तुम्हाला सगळ्यात कमी वाटतं तो. त्याचा निकाल बघून ते पुढच्या रोलची धुण्याची वेळ कमीजास्त करू शकतील. जुन्या फिल्मवर धुरकटपणा येतो, तो कमी ठेवायला बरेच जण एचसी-११० हे डेव्हलपर वापरतात, माझेही त्यातच बरे आले. मी केमिस्ट नाही, धुणाऱ्याचा अनुभव वेगळा असेल तर त्याचं ऐका. निगेटिव्ह परत हवेत हे पावतीवर लिहून घ्या, काही ठिकाणी स्कॅन पाठवून निगेटिव्ह टाकून देतात. आणि कुरिअर नकोच, स्वतः घेऊन जा. विमानाने जाणार असाल तर रोल हातातल्या बॅगेत ठेवा आणि एक्स-रे मशीनमध्ये न घालता हाताने तपासायची विनंती करा.

याशिकाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. त्याची मूळ पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, अ‍ॅडॉप्टर घालून सहा व्होल्टवर तो नीट चालतो. बॅटरी नसताना शटर पडतं, पण एकाच वेगाने, सेकंदाच्या १/५००. त्यामुळे खटका ऐकून कॅमेरा चालू आहे असं समजू नका. लेन्समध्ये बुरशी दिसली तर आधी ती साफ करून घ्या, पावसाळ्यात फार पसरते.

आणि कपाट पुन्हा एकदा नीट बघा. वही, डायरी, जुन्या पाकिटामागची नोंद, काहीही. डब्यांच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने महिना किंवा गावाचं नाव लिहिलेलं असू शकतं, अण्णा तिथेच लिहायचे. ते वाचल्याशिवाय कुठला रोल आधी द्यायचा ते ठरवू नका. डब्यांवर काय लिहिलंय ते इथे टाका, मी रात्री बघते.