सगळेच ‘आम्ही जात बघत नाही’ म्हणतात, मग नोकरीतला भेदभाव मोजायचा कसा?

नोकरभरतीतल्या जातिभेदावरच्या प्रबंधासाठी तुम्ही वाटलेली प्रश्नावली फसली, कारण ‘तुम्ही भेदभाव करता का?’ याला कुणी ‘हो’ म्हणत नाही. विचारूच नका. निर्णय घेऊ द्या आणि तो नोंदवा.

अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज धाडले. अर्जात जातीधर्माचा उल्लेख नव्हता, ओळख फक्त नावावरून. शिक्षण सारखं असूनही मुलाखतीचं बोलावणं येण्याचे ऑड्स (म्हणजे बोलावणं येण्याच्या शक्यतेला न येण्याच्या शक्यतेने भागून येणारा आकडा) उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे ०.६७ पट आणि मुस्लीम नावाला सुमारे ०.३३ पट निघाले. शिक्षण तेच, नाव तेवढं वेगळं! आकडे लिहिताना ऑड्सला टक्के समजू नका, परीक्षक तिथेच पकडतात.

खरी गोम आडनावात आहे. महाराष्ट्रात जाधव, गायकवाड, पवार अनेक जातींत सापडतात. असं आडनाव घेतलंत तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही, आणि तुम्ही ‘भेदभाव नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे व्हाल. म्हणून आधी तीसेक लोकांना निवडलेली नावं दाखवून ‘ही व्यक्ती कोणत्या समाजाची वाटते?’ एवढंच विचारा. ज्यांवर बहुतेकांचं एकमत होईल तीच ठेवा. पहिलं नावही तपासा, जुन्या वळणाचं नाव वयाचा अंदाज देतं.

एकाच जाहिरातीला दोन नावांनी अर्ज पाठवायचे असतील, तर दोन बायोडेटांचा मजकूर शब्दशः एक नको, पण तोलामोलाचा हवा. कुठल्या बायोडेटावर कुठलं नाव, हे दर वेळी चिठ्ठी टाकून ठरवा, नाहीतर फरक नावाचा की बायोडेटाचा हे कळणार नाही.

पण एकट्याने असे प्रत्यक्ष अर्ज पाठवू नका. बोलावण्याचं प्रमाण १० आणि ६.७ टक्के असेल, तर हा फरक पुरेशा खात्रीने पकडायला दर गटात साधारण ११०० अर्ज लागतात. त्यापेक्षा एचआरमधल्या लोकांना एकच बायोडेटा द्या, निम्म्यांना एका नावाने, निम्म्यांना दुसऱ्या, आणि १ ते १० गुण मागा. मध्यम फरकासाठी (गुणांच्या प्रमाण विचलनाच्या साधारण निम्मा) दर गटात ६४ जण पुरतात. दोन्ही नावांचे बायोडेटा एकाच माणसाला मात्र दाखवू नका, तो लगेच सावध होतो.

उद्देश आधी लपवावा लागतो, त्यामुळे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या नीतिसमितीची मंजुरी आधी घ्या आणि गुण दिल्यावर प्रत्येकाला खरा हेतू सांगून उत्तर मागे घ्यायची मुभा द्या.