टोकन भरलंय आणि टीसी पण दिलीय, आता काय करू? – गेवराईच्या एका आईच्या पत्राला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, कारण असे फोन सध्या खूप घरी येतायत. ताई गेवराई तालुक्यात अंगणवाडी सेविका आहेत, मिस्टरांची कोरडवाहू शेती, मुलगी बारावी सायन्स झालीय, ओबीसीतून फॉर्म भरणार, एमएचटी-सीईटीला 84 पर्सेंटाइल आणि तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच करायचंय. एका प्रायव्हेट कॉलेजातून रोज फोन, "मॅनेजमेंटच्या चारच सीटा राहिल्यात, आज टोकन भरा", म्हणून मिस्टरांनी 10 हजार भरले आणि ओरिजिनल टीसी पण देऊन आले. आता उरलेले 60 हजार आठवड्यात मागतायत. मुलीचे काका म्हणतात पोरीवर एवढा खर्च कशाला, तालुक्यातच बीएस्सी करू दे. आणि तुम्ही विचारताय की पैसे भरू का, टोकन परत मिळेल का, 84 मध्ये काही मिळतं का.

तर पहिलं उत्तर, उरलेले 60 हजार भरू नका. अजून कॅप राऊंड सुरू पण झालेले नाहीत, म्हणजे सीईटी सेल या सरकारी यंत्रणेकडून मेरिटने सीटा वाटल्या जातात ते व्हायचंच आहे, आणि तुमच्या मुलीचा सगळा फायदा त्या राऊंडमध्येच आहे.

कसा ते सांगते. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय (जीआर) आहे, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक कोर्सला ट्युशन फी आणि परीक्षा फी 100 टक्के माफ. आधी यातली निम्मी फी सरकार भरायचं, 2024-25 पासून मुलींची पूर्ण भरतं. प्रायव्हेट विनाअनुदानित कॉलेजला पण हे लागू आहे (खासगी विद्यापीठांना नाही, हे लक्षात ठेवा, नावं सारखी वाटतात आणि लोक फसतात). पण अट अशी की ॲडमिशन कॅपमधून झालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोटा किंवा कॉलेज स्तरावरची ॲडमिशन असेल तर माफी नाही. म्हणजे ताई, तेच कॉलेज, तीच ब्रांच, तेच शिक्षक, कॅपमधून गेली तर ट्युशन फी शून्य आणि आत्ता टोकनवाल्या सीटवर गेली तर दरवर्षी पूर्ण फी, चार वर्षं. फोनवाल्याने तुम्हाला हे सांगितलं नाही ना? मला याचाच राग येतो. अंगणवाडीच्या मानधनातून कोणी 70 हजार उभे करतंय आणि समोरच्याला माहितीय की हिला हे भरायची गरजच नाही.

आता ते एवढे मागे का लागतात हेही समजून घ्या म्हणजे भीती जाईल. प्रायव्हेट कॉलेजला एआयसीटीई, म्हणजे केंद्राची तंत्रशिक्षण परिषद, ठरावीक सीटा मंजूर करते, फी किती घ्यायची ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, आणि पगार, लॅब, बिल्डिंगचा खर्च मात्र सीटा भरल्या काय, रिकाम्या राहिल्या काय, तेवढाच येतो. फर्स्ट इयरला एक सीट रिकामी राहिली की ती चार वर्षं रिकामी जाते, सेकंड इयरला डिप्लोमावाली पोरं आली तर थोडी भरते. त्यात 2024-25 पासून चांगलं चालणाऱ्या कॉलेजांसाठी एका ब्रांचच्या सीटांवरची वरची मर्यादा एआयसीटीईने काढली, म्हणून पुण्यामुंबईच्या मोठ्या कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या सीटा वाढवल्या, पोरं तिकडे ओढली गेली आणि तालुक्याजिल्ह्याच्या कॉलेजांना ॲडमिशनची चिंता लागली. मग प्राध्यापकांनाच गावोगाव पाठवतात, ॲडमिशनचं टार्गेट देतात, तुम्हाला फोन करणारे सर कदाचित वर्गात उत्तम शिकवत असतील, त्यांच्यावर राग धरू नका. पण यातून तुम्ही ओळखायचं काय, तर ज्या कॉलेजच्या सीटा आपोआप भरतात ते कॉलेज गेवराईला रोज फोन करत नाही. चारच सीटा राहिल्यात ही घाई तुमच्यासाठी बनवलेली आहे, गरज त्यांना आहे, तुमच्याइतकीच.

अजून एक. कॅपमधून आलेल्या मुलीची फी सरकारकडून महाडीबीटी या स्कॉलरशिपच्या पोर्टलमार्फत येते, ती उशिरा येते, कॉलेजं त्याची वाट बघत बसतात. मॅनेजमेंटवाली रोख फी लगेच हातात पडते. शिवाय कॅपमधली मुलगी पुढच्या राऊंडला चांगलं कॉलेज मिळालं तर निघून जाऊ शकते, पण जिची टीसी कपाटात ठेवलीय ती कुठे जाणार? सगळीच कॉलेजं असं करतात असं मी म्हणणार नाही, चांगली पण आहेत, जी स्वतःहून पालकांना सांगतात की आधी कॅप करा. पण तुमच्याबाबतीत तसं झालेलं दिसत नाही.

म्हणून आता पहिलं काम टीसी. उद्याच मिस्टरांना घेऊन कॉलेजात जा, साध्या कागदावर अर्ज लिहा की आमच्या मुलीला कॅपमधून प्रवेश घ्यायचा आहे, तरी मूळ टीसी आणि भरलेले 10 हजार परत द्यावेत, दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज कॉलेजच्या ईमेलवर पाठवा, मुलगी पाठवू शकेल. विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रं कॉलेजने अडकवून ठेवायची नाहीत असे यूजीसी आणि एआयसीटीई दोघांचे स्पष्ट नियम आहेत. तरी नाही दिली तर छत्रपती संभाजीनगरला तंत्रशिक्षणच्या सहसंचालकांचं विभागीय कार्यालय आहे तिथे आणि मुंबईच्या प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. बहुतेक वेळा नुसतं "तक्रार करतो" म्हटलं की कागद निघतो. टोकनचं म्हणाल तर पावती दिली का तुम्हाला? पत्रात लिहिलेलं नाही. पावती नसेल तर फोनपेचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, मेसेज डिलीट करू नका. मॅनेजमेंट कोट्यालाही जाहिरात, अर्ज, मेरिट लिस्ट हे सगळं करावं लागतं, फोनवर सीट पक्की होत नाही, आणि मंजूर फीच्या वर पैसे मागणं हा महाराष्ट्रात 1987 च्या कॅपिटेशन फी कायद्याखाली गुन्हा आहे. पैसे परत यायला वेळ लागू शकतो, पण 10 हजार अडकले म्हणून अजून 60 हजार घालायचे हे करू नका.

आता 84 पर्सेंटाइल. यात काय मिळेल ते माझ्या अंदाजापेक्षा कटऑफच्या याद्या बरोबर सांगतील, सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षांच्या कॅप राऊंडच्या पीडीएफ आहेत. उघडल्यावर कोडचं जंगल दिसेल, घाबरू नका, तिला सांगा "एलओबीसीएच" (LOBCH) हा कॉलम बघ. पहिला एल म्हणजे मुलींसाठी राखीव, मध्ये ओबीसी, शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी. शेवटी ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठ भागातल्यांसाठी आणि एस असेल तर राज्यस्तरावरची सीट. बारावी बीडमधून झाली म्हणजे तिचा होम भाग मराठवाडा विद्यापीठाचा, तिथे एच बघायचं आणि पुणे, नगर, नाशिककडे ओ. खूप घरांत ओपनचा कटऑफ बघूनच पोरगी रडून घेते, आणि तिचा खरा कॉलम कितीतरी खाली असतो. एक मात्र, सीटा वाढल्यामुळे मागचे आकडे यंदा जसेच्या तसे लागणार नाहीत, दोन वर्षांचे बघा आणि थोडं वरखाली धरून चाला. टीएफडब्ल्यूएस नावाच्या वेगळ्या 5 टक्के फीमाफीच्या सीटा दिसतील, त्यांचे कटऑफ बरेच वर जातात, तिला तशीही माफी आहे त्यामुळे त्यात जीव अडकवू नका.

फॉर्म भरताना नीट ऐका, 2025-26 ला नियम बदललाय. राऊंड आता एकूण चार असतात, आणि पहिल्या राऊंडला पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीनपैकी लागलं तर घ्यावंच लागतं, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. नाही घेतलं तर पुढच्या राऊंडमधून बाहेर. त्यामुळे "सहज टाकून बघू" म्हणून पहिल्या सहात असं काही टाकू नका जिथे पाठवायचं नाही. ज्या क्रमाने खरंच हवंय त्याच क्रमाने भरा, मिळणार नाही वाटलं तरी हवं असेल तर वर ठेवा, त्याने खालच्या पर्यायांचं काही नुकसान होत नाही. आणि खाली भरपूर पर्याय द्या, त्यात सरकारी कॉलेजं, आयटी, एआयवाल्या ब्रांच, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) पण. यंदाचं माहितीपत्रक आलं की हा नियम तसाच आहे का ते एकदा वाचून घ्या. ते टोकनवालं कॉलेज तिला खरंच आवडलं असेल तर तेही यादीत टाका, कॅपमधून मिळालं तर छानच, माफीसकट मिळेल.

खर्च शून्य होणार नाही हे पण सांगते. डेव्हलपमेंट फी भरावी लागते, हॉस्टेल, मेस, बस, पुस्तकं आहेतच. पण ट्युशन फी आधी भरा मग महाडीबीटीवरून परत येईल असं कोणी म्हटलं तर भरू नका, पात्र मुलींकडून ही फी मागू नका असं सरकारने कॉलेजांना सांगितलेलं आहे. राहण्यासाठी सरकारी वसतिगृहाला अर्ज करा, नाही लागलं तर ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, त्यात राहण्याजेवणासाठी पैसे थेट खात्यात येतात, जागा मर्यादित असतात म्हणून जाहिरात आली की लगेच भरा. कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून चहा घेऊन परत येऊ नका, हॉस्टेलवर जा, थर्ड इयरच्या दोन मुलींशी बोला, कॉम्प्युटरला शिकवायला कायमचे शिक्षक किती, लॅब खरंच चालू असते का, स्कॉलरशिपचा क्लार्क त्रास देतो का, हे त्या मुली पाच मिनिटांत सांगतात.

काकांचं म्हणणं. बीएस्सी वाईट नाही, कॉम्प्युटर सायन्समधली बीएस्सी करून पुढे एमसीए केलेल्या मुली चांगल्या कामाला आहेत, आणि कॅपमध्ये अगदीच मनासारखं नाही लागलं तर तो मान्य होण्यासारखा रस्ता आहे. पण तिने बीएस्सी करावी कारण तिला ते हवंय, "पोरीवर खर्च नको" म्हणून नको. त्यांना हा जीआर दाखवा, खर्चाचा मुद्दा बराचसा तिथेच संपतो. आपल्या राज्यात 2021-22 च्या सरकारी अहवालात उच्च शिक्षणातलं पटनोंदणीचं प्रमाण 35.3 टक्के आहे, 18 ते 23 वयाच्या शंभरामागे साधारण 35 कॉलेजात, देशाला 2035 पर्यंत 50 करायचंय, सरकार मुलींची फी भरतंय ते त्यासाठीच. तुमच्या मुलीने अभ्यास करून ती पात्रता मिळवलीय, हे कोणाचे उपकार नाहीत.

शेवटी कागद, कारण सगळं इथे अडतं. जात प्रमाणपत्र, जात वैधता, मुदतीतलं नॉन क्रीमीलेअर, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल. जात वैधतेचं पत्रात काही लिहिलं नाही. झाली नसेल तर आजच अर्ज करून पावती घ्या, काही वर्षी सरकारने पावतीवर मुदत दिलीय पण त्या भरवशावर राहू नका, वैधता नाही आली तर ती ओपनमध्ये जाते आणि वरचं सगळं गणित बदलतं. सेतूत गर्दी वाढायच्या आत नॉन क्रीमीलेअर करून घ्या. टीसी परत मिळाली की मला कळवा, आणि मुलीने प्राधान्ययादी तयार केली की फॉर्म लॉक करायच्या आधी पाठवा, मी बघून देते.