मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमच्या फॉर्मवर तारखेच्या फील्डला कॅलेंडर कसं जोडायचं?

वेगळं कॅलेंडर कंट्रोल टाकायची गरजच नाही: टेक्स्ट बॉक्सच्या प्रॉपर्टीजमधल्या 'कंट्रोल सोर्स'मध्ये तारखेचं फील्ड निवडा आणि 'शो डेट पिकर'ला 'फॉर डेट्स' ठेवा. बॉक्समध्ये कर्सर गेला की शेजारी कॅलेंडरचं छोटं चिन्ह येतं. त्यातून निवडलेली तारीख थेट त्याच रेकॉर्डमध्ये जाते, कोड लागत नाही. ही सोय अ‍ॅक्सेस २००७ पासून आहे. एमएसकॅल.ओसीएक्स हे जुनं कॅलेंडर कंट्रोल २०१० च्या आवृत्तीत काढून टाकलं, त्यामुळे जुन्या फाइलीत ते असेल तर बदलूनच घ्या. टेबलमध्ये फील्डचा प्रकार मात्र डेट/टाइम हवा, टेक्स्ट नको. एवढं करूनही चिन्ह दिसत नसेल तर 'इनपुट मास्क' (म्हणजे टाइप करण्यासाठी ठरवलेला साचा) बघा. बॉक्समध्ये __/__/____ असा साचा दिसत असेल तर कॅलेंडर येतच नाही. तो मास्क पुसून टाका.