वंशावळ एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना

प्रश्न : आमच्या घराण्याची वंशावळ मी संगणकावर भरली आहे. परदेशातील पुतण्या वेगळा प्रोग्रॅम वापरतो. त्याला जेडकॉम फाइल पाठवली, तेव्हा नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली आणि छायाचित्रे तर पोहोचलीच नाहीत. असे का व्हावे?

उत्तर : जेडकॉम ही १९८४ साली अमेरिकेतील मॉर्मन चर्चने वंशावळींच्या देवाणघेवाणीसाठी तयार केलेली साधी मजकुराची फाइल आहे. तिच्या जुन्या आवृत्त्यांत अक्षरांसाठी ॲन्सेल ही सांकेतिक पद्धत रूढ होती आणि तीत देवनागरीला जागाच नव्हती. म्हणून फाइल निर्यात करताना यूटीएफ-८ (देवनागरीसह जगातील लिपी सामावून घेणारी सांकेतिक पद्धत) हाच पर्याय निवडावा. छायाचित्रांचे म्हणाल, तर फाइलमध्ये चित्र नसून तुमच्या संगणकावरील त्याचा केवळ पत्ता असतो, आणि तो पत्ता पुतण्याच्या संगणकावर अर्थातच सापडत नाही. चित्रांचा फोल्डर वेगळा पाठवावा. २०२१ च्या ७.० आवृत्तीत यूटीएफ-८ अनिवार्य असून चित्रांसह एकच गठ्ठा करण्याची सोयही आहे, मात्र ही आवृत्ती दोन्ही प्रोग्रॅमना वाचता यायला हवी.

आपल्याकडील खरी कसोटी दत्तकाची आणि सासर-माहेरच्या नावांची. दोहोंसाठी जेडकॉममध्ये सोय आहे, तरीही अनेकजण ही माहिती टिपणात लिहून मोकळे होतात आणि मग दत्तक मुलगा पलीकडे औरस म्हणून उमटतो. पाठवण्यापूर्वी हयात व्यक्तींच्या जन्मतारखा वगळाव्यात, आणि मूळ प्रोग्रॅमच्या स्वतःच्या स्वरूपातील प्रत आपल्याजवळ जपून ठेवावी.