पीसीओएसचा 'डी' प्रकार असेल तर शुगर तपासायची गरज नाही का?

तुम्ही लिहिलंय की पीसीओएसचा (अंडाशयाशी आणि हार्मोन्सशी संबंधित विकाराचा) तुमचा प्रकार डी आणि मैत्रिणीचा ए, आणि डी सौम्य म्हणून तुम्ही शुगरची तपासणी टाळताय. टाळू नका. माझा प्रकार सी. पाळी वेळेवर, अंगानं बारीक, म्हणून माझी शुगर कितीतरी वर्षं कुणी पाहिलीच नाही. पाहिली तेव्हा ती वाढलेली निघाली.

ही अक्षरं येतात 2003 च्या रॉटरडॅम निकषांवरून. अँड्रोजन (पुरुषी हार्मोन्स) वाढणं, बीज वेळेवर न सुटणं (त्यामुळे पाळी लांबते) आणि सोनोग्राफीत अंडाशयात बारीक बीजकोशांची गर्दी दिसणं, या तिन्हींपैकी दोन असले की पीसीओएस. तिन्ही असतील तर ए, पहिली दोन असतील तर बी. अँड्रोजन आणि सोनोग्राफी एवढंच असेल, पाळी नियमित असेल तर सी. डीमध्ये अँड्रोजन वाढलेले नसतात, बाकीची दोन असतात.

खरा फरक या अँड्रोजनमुळेच पडतो. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, तेव्हा ते जास्त तयार होतं. हे जादा इन्शुलिन अंडाशयाला अँड्रोजन बनवायला लावतं. शिवाय यकृतात तयार होणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन त्यामुळे कमी होतं. हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला (हा एक अँड्रोजनच) बांधून ठेवतं, ते घटलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. म्हणून ए आणि बीमध्ये शुगर, कोलेस्टेरॉल, पोटाची चरबी यांचा त्रास साधारणपणे सगळ्यात जास्त. सीचा त्रास यांच्या आणि डीच्या मधे कुठेतरी. डी बहुतेक वेळा सगळ्यात हलका, तुमचं तेवढं बरोबर आहे.

पण डी ठरवताना काय तपासलं होतं? नुसतं एकूण टेस्टोस्टेरॉन पाहिलं असेल, तर एसएचबीजी कमी असताना तो आकडा नॉर्मल दिसतो आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं असू शकतं. तेव्हा गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या का, हेही आठवून पाहा. त्या चालू असताना अँड्रोजनची तपासणी भरवशाची राहत नाही, साधारण तीन महिने बंद ठेवून ती करावी लागते (त्या काळात गर्भनिरोधनाची दुसरी सोय हवी). वजन आणि वय बदललं की प्रकारही बदलू शकतो.

2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत निदानाच्या वेळी सगळ्यांचीच शुगर तपासा, मग दर एक ते तीन वर्षांनी, असं सांगितलंय. वजन कितीही असो. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त देण्याची तपासणी त्यासाठी सगळ्यात चांगली. माझी उपाशीपोटीची शुगर नॉर्मल होती, वाढ दिसली ती या दोन तासांच्या आकड्यात.

आणि डी असल्यामुळे तुमची पाळी लांबत असणार. तीन-तीन महिने ती येत नसेल, तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं. त्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारा, शुगरच्याही आधी.